देवासाठी गोळी चालते, दुखण्यासाठी का नाही?

दरवर्षी श्रावण लागला की परदेशातल्या मराठी बायकांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक प्रश्न हमखास येतो. पाळी पुढे ढकलायची गोळी इथे कशी मिळते? जीपी लिहून देतो का, की ऑनलाइन फार्मसीतून मागवावी लागते? दहा मिनिटांत उत्तरं हजर. कुणी गोळीचं नाव सांगतं, कुणी किती दिवस आधी सुरू करायची ते. कुणाकडे भारतातून आणलेली स्ट्रिप शिल्लक असते आणि ती शनिवारी मराठी शाळेत आणून द्यायला तयार असते. गौरी बसायच्या आहेत, घरी सत्यनारायण आहे, ऐनवेळी अडचण यायला नको.

त्याच गटात कधीतरी एखादी आई विचारते: मुलगी पंधरा वर्षांची आहे, पाळीच्या पहिल्या दोन दिवशी शाळेत जाऊ शकत नाही, उलट्या होतात, जीपीने हॉर्मोनची गोळी सुचवली आहे, काय करू? आता सूर वेगळा असतो. इतक्या लहान वयात हॉर्मोन? पुढे मूल होताना त्रास होईल हं. पेनकिलरची सवय लावू नकोस. ओवा दे, शेक दे. माझंही असंच व्हायचं, लग्नानंतर थांबलं. आणि शेवटी कुणीतरी एक हसरा चेहरा टाकून लिहितं, आपण नाही का सोसलं?

ही दोन्ही उत्तरं एकाच गटातून, बऱ्याचदा एकाच घरातून येतात, आणि माझं भांडण नेमकं इथे आहे. पूजेची तारीख सांभाळायला हॉर्मोन चालत असतील, तर मुलीचं दुखणं थांबवायलाही ते चालले पाहिजेत. आपला विरोध गोळीला नाही, हॉर्मोनलाही नाही. पाळीत दुखतं हे कारण आपल्याला पुरेसं वाटत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

पाळी पुढे ढकलायची ती गोळी म्हणजे काय, हे आधी पाहू. तिचं नाव नॉरएथिस्टेरॉन. भारतात ती प्रायमोल्यूट-एन वगैरे नावांनी मिळते. साधारणपणे पाच मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या रोज, पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून घ्यायच्या, आणि थांबवल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते. ते प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं कृत्रिम हॉर्मोन आहे आणि शरीरात त्याचा थोडा भाग इस्ट्रोजेनमध्येही बदलतो. म्हणून रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असलेल्या बाईने ते डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. एवढी मात्रा आपण पूजेसाठी, लग्नासाठी, तिरुपतीच्या दर्शनासाठी बिनदिक्कत घेतो. गंमत म्हणजे हेच नॉरएथिस्टेरॉन एंडोमेट्रिओसिसच्या वेदनांवर उपचार म्हणूनही दिलं जातं. म्हणजे गोळी तीच, डबी तीच. गणपतीसाठी घेतली तर सोय, दुखण्यासाठी घेतली तर 'इतक्या लहान वयात कशाला'.

मी डॉक्टर आहे ती पीएच.डी.ची. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात पोस्टडॉक म्हणून अनैच्छिक स्नायूंवर काम करते. हे स्नायू आपल्या हुकमाने हलत नाहीत. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत, आतड्यात, मूत्राशयात आणि गर्भाशयात ते असतात. प्रयोगशाळेत स्नायूची बारीक पट्टी क्षारांच्या कोमट द्रावणात टांगायची, द्रावणात एखादं रसायन सोडायचं आणि ती किती जोराने आकसते ते यंत्रावर पाहायचं, असं आमचं काम. पट्टी आकसली की यंत्र आकडा देतं. तू फार नाजूक आहेस, असं त्या पट्टीला कुणी म्हणत नाही.

पाळीतलं दुखणं हेही असंच मोजता येणारं प्रकरण आहे. पाळीच्या आधी प्रोजेस्टेरॉनची पातळी घसरते आणि गर्भाशयाचं आतलं अस्तर सुटू लागतं. त्या अस्तरातल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सोडतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू जोरात आवळला जातो. आवळ इतकी वाढू शकते की आतला दाब रक्तवाहिन्यांतल्या दाबाच्या वर जातो, स्नायूला तेवढ्यापुरतं रक्त मिळत नाही आणि रक्त न मिळालेला स्नायू दुखतो. हृदयाच्या स्नायूचं रक्त अडलं की छातीत कळ येते, हे आपण सगळे जाणतो. हे त्याच जातीचं दुखणं आहे. हीच रसायनं आतड्यावरही काम करतात, म्हणून जुलाब आणि मळमळ. ज्या बायकांना जास्त दुखतं त्यांच्या स्रावात ती जास्त सापडतात, आणि पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सर्वांत जास्त.

हे ज्ञान नवंही नाही. पाळीच्या स्रावात स्नायू आकसवणारा पदार्थ असतो, हे पिकल्स या ब्रिटिश संशोधकाने १९५७ मध्ये 'नेचर'मध्ये छापलं. ॲस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, आणि प्रोस्टाग्लँडिनवरच्या कामासाठी १९८२ चं नोबेल तिघांना मिळालं, त्यात ते एक होते. नोबेल मिळूनही चार दशकं उलटली, तरी आपल्या घरांत पाळीचं दुखणं अजून स्वभावाचा भाग समजलं जातं. कुणी सोशिक, कुणी नाटकी.

आणखी एक गोष्ट. बाळंतपण सुरू होत नसेल तर कळा आणण्यासाठी दवाखान्यात जे औषध देतात, तेही पुष्कळदा एक प्रोस्टाग्लँडिनच असतं. स्नायू तोच, रसायन त्याच कुटुंबातलं. बाळंतकळा म्हटलं की अख्खं घर उठून उभं राहतं. गाडी निघते, सासर-माहेरी फोन जातात, बाहेर पुरुष येरझारा घालतात. मग दर महिन्याला येणाऱ्या कळांना 'एवढं काय त्यात' असं का म्हणायचं? त्या कळांच्या शेवटी बाळ हाती येत नाही, एवढाच फरक मला दिसतो.

कारण कळलं की उपायही समजून घेता येतो. आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड ही औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणं रोखतात. आधीच तयार झालेलं ती पुसून टाकत नाहीत. म्हणून 'अगदीच असह्य झालं तर घे' हा आपला आवडता सल्ला औषधशास्त्राच्या दृष्टीने उलटा आहे. असह्य होईपर्यंत थांबलं तर रसायन साचलेलं असतं आणि मग एका गोळीने भागत नाही. पाळी सुरू होताच, किंवा तारखा नियमित असतील तर आदल्या दिवसापासून, जेवणानंतर, पाकिटावर दिलेल्या मात्रेत आणि ठरलेल्या अंतराने दोन-तीन दिवस घ्यायची, ही खरी पद्धत. ८० चाचण्या आणि ५,८०० हून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करणाऱ्या कॉक्रेन आढाव्यात २०१५ मध्ये असं दिसलं की नुसती साखरेची गोळी घेऊन शंभरातल्या साधारण अठरा जणींना चांगला आराम पडतो, तर ही औषधं घेऊन पंचेचाळीस ते त्रेपन्न जणींना. याचाच दुसरा अर्थ, जवळजवळ निम्म्या जणींना तेवढ्याने भागत नाही. त्यांच्याविषयी पुढे बोलते.

किडनीचं काय? सवय लागली तर? आम्लपित्त? प्रश्न रास्त आहेत आणि त्यांना उत्तरंही आहेत. या औषधांचं व्यसन लागत नाही. ज्यांना पोटात व्रण झाला आहे, मूत्रपिंडाचा आजार आहे, ॲस्पिरिनने दमा उठतो, रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत किंवा दिवस राहिलेले असू शकतात, त्यांनी विचारल्याशिवाय ती घेऊ नयेत. बाकी धडधाकट मुलीने महिन्यातून दोन-तीन दिवस, ठरल्या मात्रेत घेतलेली गोळी तिची किडनी खात नाही. जपायचंच असेल तर वेगळ्या ठिकाणी जपा. भारतातून बॅगेत भरून आणलेल्या मेफ्टाल-स्पासच्या स्ट्रिपा आपण एकमेकींना वाटतो. तिच्यातल्या मेफेनॅमिक ॲसिडने क्वचित अंगभर पुरळ आणि ताप घेऊन येणारी गंभीर ॲलर्जी होऊ शकते, असा इशारा भारताच्या औषधकोश आयोगाने २०२३ च्या अखेरीस दिला होता. हातोहात फिरणाऱ्या स्ट्रिपेबरोबर हा इशारा फिरत नाही.

गोळीशिवायही उपाय आहेत, आणि त्यातला एक आज्जीचा आहे. २००१ च्या एका अमेरिकी चाचणीत ओटीपोटावर साधारण ३९ अंशांची सतत ऊब देणारी पट्टी लावलेल्या स्त्रियांना आयब्युप्रोफेनइतकाच आराम पडला. तेव्हा शेक घेणं अगदी बरोबर, जरूर घ्या. आठवड्यातून तीनदा किंवा जास्त, पाऊण-एक तास व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं कमी होतं असंही दिसतं, मग तो योग असो की धावणं. माझी तक्रार शेकाबद्दल नाही. शेक देऊन दार लावून घेतलं जातं आणि पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, याबद्दल आहे.

तो पुढचा प्रश्न असा: गोळी नीट घेऊनही दुखतं का? दरवर्षी वाढतं आहे का? पाळी नसतानाही ओटीपोट दुखतं का? शौचाला, लघवीला, शरीरसंबंधाच्या वेळी कळ येते का? यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर ते नेहमीचं दुखणं आहे असं गृहीत धरू नका. गर्भाशयातल्या गाठी असू शकतात, ॲडेनोमायोसिस असू शकतो, एंडोमेट्रिओसिस असू शकतो. या शेवटच्या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर, अंडाशयावर, आतड्यावर, मूत्राशयावर वाढते आणि दाह करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जननक्षम वयातल्या सुमारे दहा टक्के, म्हणजे १९ कोटी स्त्रियांना तो आहे. तुमच्या मंडळाच्या गणपतीत शंभर बायका जमत असतील तर हिशेब तुम्हीच करा.

ब्रिटनमध्ये या आजाराचं निदान व्हायला सरासरी आठ वर्षं दहा महिने लागतात, असं एंडोमेट्रिओसिस यूके या संस्थेने मार्च २०२४ मध्ये सांगितलं. वांशिक अल्पसंख्याक समाजांतल्या स्त्रियांसाठी तोच आकडा अकरा वर्षांचा आहे. म्हणजे आपल्या मुली जास्तीची दोन वर्षं दुखत राहतात. यात डॉक्टरांचा वाटा मोठा आहे, तो मी नाकारत नाही. माझ्या विशीत एका डॉक्टरने मला, काही बायकांना याहून वाईट असतं, असं सांगून तीन मिनिटांत बाहेर पाठवलं होतं. सावळ्या रंगाच्या बाईचं दुखणं हलक्यात घेतलं जातं, हा अनुभव इथे अनेकींच्या गाठीशी आहे. पण त्या खोलीत जायच्या आधी आपणही काहीतरी करून ठेवलेलं असतं. मुलीला बोलायला शब्दच दिलेले नसतात.

मराठीत दुखण्याला शब्द कमी आहेत का? ठणका लागतो, कळ येते, पेटके येतात, चमक मारते, सल राहतो, आग होते, कंबर मोडून येते, मांड्या भरून येतात, पायातलं त्राण जातं. प्रत्येक शब्द वेगळी गोष्ट सांगतो आणि प्रत्येक शब्दात डॉक्टरच्या कामाची माहिती आहे. पाळीच्या बाबतीत मात्र आपण बाहेरची, अडचण, कावळा शिवला, असे झाकायचे शब्द वापरतो, आणि दुखण्यासाठी एकच, 'पोट दुखतंय'. मुलगी तेच इंग्रजीत नेते. जीपीला म्हणते, पोट जरा दुखतं. बाजूला बसलेली आई म्हणते, तशी ती सहन करते हो. त्या सभ्य वाक्यावर दहा मिनिटं संपतात आणि वर्षं जातात.

त्याऐवजी दोन-तीन महिन्यांची नोंद घेऊन जा. कोणत्या दिवशी, कुठे, कशा प्रकारचं, दहापैकी किती, कोणती गोळी किती वाजता घेतली, शाळा किंवा ऑफिस किती दिवस बुडालं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशी नोंदवही ठेवण्याविषयी लिहिलेलं आहे. सतरा किंवा त्याहून कमी वयाच्या मुलींमध्येही एंडोमेट्रिओसिसची शंका घ्यावी आणि सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून तो नाहीच असं मानू नये, हेही त्यात आहे. डॉक्टर उडवून लावत असेल तर या सूचनांचं नाव घ्या. हॉर्मोनची गोळी सुचवली तर ती का, हे ऐकून घ्या. ती अस्तर पातळ ठेवते, अस्तर कमी म्हणजे प्रोस्टाग्लँडिन कमी. मुलीच्या चारित्र्याचा तिच्याशी काही संबंध नाही. गर्भनिरोधक म्हणून ती प्रसिद्ध झाली, एवढाच तिचा गुन्हा. ती थांबवल्यावर मूल होत नाही, ही समजूतही खरी नाही.

'लग्न झालं की थांबेल' याला मात्र कोणतंही शास्त्र नाही. मूल झाल्यावर काहींचं दुखणं कमी होतं, खरं आहे. गरोदरपणात पाळीच नसते, त्यामुळे तेवढे महिने सुटका मिळते, हेही खरं. पण एंडोमेट्रिओसिस बाळंतपणाने बरा होत नाही. आणि या वाक्यात दडलेला निवाडा नीट ऐका: बाईच्या दुखण्याकडे बघायची वेळ ती बायको किंवा आई होईल तेव्हा येईल. म्हणूनच पंधराव्या वर्षी न मिळालेली तपासणी तिसाव्या वर्षी, 'अजून काही बातमी नाही का' सुरू झालं की, आठवड्याभरात मिळते.

अलीकडे एक नवी सारवासारव ऐकू येते. पूर्वी बायकांना बाजूला बसवायचे ते विश्रांतीसाठीच, आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं. विश्रांतीच द्यायची होती तर शिवायची भीती कशाला? आणि शेतावरच्या मजूर बाईला ही विश्रांती कधी मिळाली? खरी विश्रांती कशी दिसते याची उदाहरणं आहेत. जपानने १९४७ च्या कामगार कायद्यात पाळीची रजा घातली. बिहार सरकारने १९९२ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना महिन्याला दोन दिवसांची रजा दिली. तिथे देव्हाऱ्याचा प्रश्न आला नाही, हजेरीपटाचा आला.

आणि हजेरीपटावर दुखण्याला जागा नसली की काय होतं, ते आपल्याच महाराष्ट्रात घडलं आहे. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. एक दिवस काम चुकलं तर खाडा, म्हणजे दंड. पाळी, अंगावरून जाणं, ओटीपोटाचं दुखणं, कशालाच सवलत नाही. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची सरकारी समितीने २०१९ मध्ये पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. साध्या तक्रारी घेऊन गेलेल्या, तिशीतल्याही बायका त्यांत होत्या.

लेस्टरच्या सेमीमधलं घर आणि बीडचा फड यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे मला कळतं. आपल्याकडे पैसा आहे, डॉक्टर आहे, भाषा आहे. त्या बायकांकडे यातलं काही नव्हतं. पण हिशेब मात्र ओळखीचा वाटतो. बाईचं अंग तारखेला बसवून घ्यायचं. तिकडे तारीख कारखान्याच्या हंगामाची, इकडे पूजेची. अंगाचं स्वतःचं म्हणणं काय आहे, ते दोन्हीकडे कुणी विचारत नाही. त्यांना पर्याय नव्हता. आपल्याला आहे, आणि तरी आपण विचारत नाही, म्हणून आपल्यावरचा दोष जास्त.

तेव्हा मंडळांच्या कार्यकारिणीला एक मागणी. हळदीकुंकवाला गुडघे, मधुमेह आणि टर्म इन्शुरन्स यांवर वक्ते बोलावता, तसं एकदा पाळीच्या दुखण्यावर स्त्रीरोगतज्ज्ञ बोलवा. आपल्याच मंडळात दोन-तीन असतात. पुरुषांना आणि मोठ्या मुलांना बाहेर चहाला पाठवू नका, बसवून घ्या. आयांना सांगणं असं की पूजेसाठी गोळी घ्यायची तर खुशाल घ्या, तुमचा देव आणि तुमचा निर्णय. फक्त मुलीला गोळी हवी असेल तेव्हा वेगळी मोजपट्टी काढू नका. आणि बाबांनो, मुलीच्या क्रिकेटच्या, पियानोच्या, ग्रेडच्या तारखा तुम्हाला पाठ असतात. महिन्यातले कोणते दोन दिवस ती अंथरुणात मुटकुळं करून पडलेली असते, तेही ठाऊक करून घ्या. जीपीकडे जायच्या दिवशी तुम्ही बरोबर जा, आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नका.